बारा गुलाबांचं वर्तुळ

१

मावशीच्या कपात गुलाबाच्या पाच पाकळ्या होत्या. चार तळाशी बसलेल्या, एक काठाला चिकटलेली. कप अर्धा रिकामा होता आणि मावशी व्हरांड्याच्या फरशीवर आडवी पडली होती, एक चप्पल पायात, दुसरी खुर्चीखाली.

हे सगळं शुक्रवारी सकाळी साडेसातला तिच्या थोरल्या बहिणीने पाहिलं. थोरली म्हणजे हेडबाई. तीस वर्षं मुलींची शाळा चालवलेली बाई, तिने किंचाळायचं ते कुणासाठी? तिने नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, डॉक्टरला फोन केला. डॉक्टरने कप नुसता नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "याला हात लावू नका. फूल ज्या झाडाचं आहे त्यालाही नको." मग हेडबाईंनी पोलिसांना फोन केला आणि त्यानंतर आखणीबाईंना.

आखणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बागा आखून द्यायचा तिचा धंदा, म्हणून सगळं गाव तिला आखणीबाई म्हणायचं. हेडबाईंच्या घरामागे बारा गुलाबांचं वर्तुळ तिनेच वर्षापूर्वी आखलं होतं. गुलाबांच्या पायाशी लसूण, दोन झाडांमध्ये झेंडू, कडेने लॅव्हेंडर, कोपऱ्यांत फुलावर आलेला शेपू. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. लसणाच्या वासाने मावा दूर राहतो, झेंडू जमिनीतली कीड आवरतो, आणि शेपूवर ढालकिडे येतात, ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, जे उरलासुरला मावा खाऊन टाकतात. "या बागेत विषाचा एक थेंब लागणार नाही," असं तिने दोघी बहिणींना छातीठोकपणे सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं!

आता ती वर्तुळाशी उकिडवी बसली होती. एका झाडाखाली, लसणाच्या पातींमध्ये, ढालकिडे उताणे पडले होते. तिने मोजले नाहीत, पण मूठभर तरी असतील. बाकीच्या अकरा झाडांवर ते मजेत फिरत होते.

"हे झाड कुणाचं?" मागून इन्स्पेक्टरने विचारलं.

"मावशींचं. दोघींचं एकेक खास झाड आहे. रोज सकाळी दोघी आपापल्या झाडाचं फूल तोडतात आणि गरम पाण्यात पाच पाकळ्या टाकून पितात. मावशींचंच खूळ ते. चहा सुटावा म्हणून."

"म्हणजे मारणाऱ्याला हे माहीत होतं. आणि कुठलं झाड कुणाचं, तेही." इन्स्पेक्टर तरुण होता, पण बोलायचा सावकाश, तोलून. "कुणाकुणाला माहीत होतं?"

"हेडबाईंना. मला." ती थांबली. "आणि माळीकाकांना."

माळीकाका तिथेच दहा पावलांवर उभे होते. साठी उलटलेला, वाकलेल्या पाठीचा माणूस, वीस वर्षं तिच्या सगळ्या बागा लावणारा. तेवढ्यात हवालदाराने खताच्या खड्ड्यातून एक बाटली काढली. काचेची, तपकिरी, रिकामी.

इन्स्पेक्टरने ती रुमालात धरली. "असलं औषध तुमच्या माळ्याकडे असायचं?"

आखणीबाईंनी खरं ते सांगितलं. "होतं. वाळवीसाठी. दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, नको ते, टाकून द्या."

"मग टाकलं त्यांनी?"

प्रश्न साधा होता. वीस वर्षांच्या ओळखीवर तिला 'हो' म्हणता आलं असतं. पण तिने कधी विचारलंच नव्हतं, आणि समोर रिकामी बाटली होती, आणि व्हरांड्यात चादरीखाली मावशी होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

माळीकाकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दुपारच्या आत त्यांना गाडीत घालून नेलं.

२

इन्स्पेक्टरची बाजू लंगडी नव्हती, हे आखणीबाईंनाही कबूल होतं. मंगळवारी मावशी आणि माळीकाका यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या गल्लीने ऐकलेलं. भांडण लसणावरून. मावशीला त्याचा वास सहन होत नव्हता. "माझ्या कपातसुद्धा लसूण लागतो, उपटा तो!" आणि काका म्हणाले होते, "लसूण निघाला तर मीही निघालो, आणि जाताना तुमचं झाड उपटून जाईन!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. पण भांडणानंतर तीन दिवसांत माणूस मेलं की असल्या बोलण्याला वजन येतं.

त्यात ते विष असं की त्यालाच मुळात लसणासारखा वास. शुक्रवारी सकाळी मावशी कप तोंडाला लावून म्हणाली होती, "ताई, आज तर नुसता लसूणच येतोय बघ." आणि हेडबाई पेपरातून डोकं न काढता म्हणाल्या होत्या, "गप पी."

हे त्यांनीच पोलिसांना सांगितलं. लपवलं नाही. सांगताना त्यांचा आवाजही हलला नाही, फक्त दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

शनिवारी सकाळी आखणीबाई कोठडीत गेली. काका भिंतीला टेकून बसले होते. मधुमेहाच्या गोळ्या तिने घरून आणल्या होत्या, त्या हवालदाराने तपासून आत दिल्या.

"काका, एक विचारू? ती जुनी बाटली... तिचं काय केलंत?"

"दुकानदाराला परत दिली. त्याच आठवड्यात. तो दुकानदार गेला वारून, नाहीतर सांगितलं असतं त्याने." काका तिच्याकडे बघत नव्हते. "बाई, मी कुणाला मारलं असेल-नसेल, ते राहू दे. पण खताच्या खड्ड्यात विषाची बाटली मी टाकेन? मी? त्या खड्ड्यातले गांडूळ मी हाताने आणून सोडलेत."

तिने हे इन्स्पेक्टरला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, एवढंच त्याचं मोठेपण. "बाई, माणूस मारणारा गांडुळांची काळजी करतो का?"

खरं सांगायचं तर त्या रात्री तिला झोप लागली नाही ती काकांच्या काळजीने नव्हे. खरंच त्यांनीच केलं असेल तर, या विचाराने लागली नाही. वीस वर्षं ज्या हातांनी आपण रोपं लावून घेतली ते हात आपल्याला माहीत तरी होते का? आणि नसेल केलं, तर आपल्या एका 'माहीत नाही'ने म्हातारा आयुष्यातून उठणार. दोन्हीकडून तिलाच फास बसत होता. रविवारी उजाडताच ती हेडबाईंच्या घरी गेली. पोलिसांना आरोपी मिळाला होता, तिला मात्र काहीच मिळालं नव्हतं.

३

घरात आता एक माणूस जास्त होता. हेडबाईंचा मुलगा.

शनिवारी अंत्यविधीला तो आला तेव्हाच लोक कुजबुजले होते. सहा वर्षांनी घराची पायरी चढत होता. सरकारी मोजणीदार होता, जमिनी मोजून नकाशे करायचा. त्याने एका विधवा बाईच्या हद्दीचा दगड सरकवला आणि नकाशा खोटा काढला. हे आईला कळलं. आईने कुणाला विचारलं नाही, मुलालाही नाही, सरळ वर लेखी तक्रार केली. नोकरी गेली, मागोमाग बायको माहेरी गेली ती परत आली नाही. तेव्हापासून मायलेकरांचं बोलणं बंद. मावशीच्या चितेपाशी मात्र तो असा रडला की धीर द्यायला आलेले लोकच घाबरले. मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, आई शाळेत असायची ना.

हेडबाई स्वयंपाकघरात एकट्या बसल्या होत्या.

"पोलिसांनी मलाही विचारलं," त्या म्हणाल्या, "बहिणीशी भांडण होतं का म्हणून. होतं. त्याच आठवड्यात झालं."

"कशावरून?"

"तिच्या टेबलावर पाकीट सापडलं. पत्ता याचा." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "सहा वर्षं माझ्या पाठीमागे त्याला पत्रं लिहीत होती. घरात काय चाललंय, आम्ही कधी काय करतो, सगळं कळवते म्हणाली. मी म्हटलं, 'तू माझ्याच घरात राहून मला फसवलंस.' ती म्हणाली, 'ताई, तू त्याला शिक्षा दिलीस. कुणीतरी त्याला माया नको का द्यायला?' हे आमचं शेवटचं धड बोलणं. नंतर नुसतं मीठ दे, दार लाव."

"पत्रांत आणखी काय असायचं?"

"मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही," हेडबाई म्हणाल्या, आणि त्या खरंच वाचत नसतील.

"गुरुवारी संध्याकाळी तुम्ही दोघी कुठे होतात?"

"दर गुरुवारी असतो तिथेच. वाचनालयात, पाच ते सात. माळीही पाचला निघून गेला. घरात चिटपाखरू नव्हतं." त्यांनी आखणीबाईंकडे रोखून पाहिलं, शाळेतल्या मुलीकडे पाहावं तसं. "मागचं दार नुसत्या कडीवर असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे सगळं तुम्ही का विचारताय? तुम्हीच ना पोलिसांना त्या बाटलीचं सांगितलंत?"

४

शेजारचे कॅप्टन म्हणजे गल्लीची कटकट. निवृत्त झाल्यापासून त्यांचं राज्य हिरवळीच्या एका चौकोनावर चालायचं. ते त्यावर महिन्यातून दोनदा फवारणी करत आणि पलीकडच्या मधमाश्यांविरुद्ध तक्रारीची पत्रं लिहीत. विषाचं म्हणाल तर गल्लीत सगळ्यात जास्त विष त्यांच्याच कपाटात होतं. आखणीबाई त्यांच्याकडे गेली ती हाच संशय पोटात घेऊन.

"पोलीस येऊन माझ्या बाटल्या मोजून गेले," कॅप्टन आल्या आल्या गुरकावले. "सगळ्या जागेवर. आणि ती खड्ड्यातली माझ्याकडच्या जातीची नाही. झालं समाधान? की झडती घेणार?"

"मी फक्त विचारायला आले. गुरुवारी संध्याकाळी बागेत कुणी दिसलं?"

"दिसलं. पोलिसांनाही सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं. साडेपाचच्या सुमाराला गच्चीवर होतो. मागच्या गल्लीच्या दाराशी एक माणूस उभा होता, डोक्यावर टोपी, हातात कागद. पाठमोरा. तुमचाच माळी, आणखी कोण? पोलीसही तेच म्हणाले. माळ्याकडे बागेच्या आखणीचा कागद असतोच ना?"

काकांकडे कागद होता, खरंच. "नीट सांगा. उभा कसा होता?"

"कसा म्हणजे? पायांवर!" मग मात्र त्यांच्यातला लष्करी माणूस जागा झाला. "तोंड घराकडे. म्हणजे उत्तरेकडे. सूर्य डाव्या हाताला. एकदा सूर्याकडे बघायचा, एकदा कागदाकडे, मग कागद सरळ केला, आणि तडक एका झाडाकडे चालत गेला. शिस्तशीर काम. मला आवडलं, खरं सांगतो. आम्हाला शिपाईगिरीत पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात."

आखणीबाई खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"कॅप्टन, तुमच्या स्वतःच्या न्हाणीघरात जायला तुम्ही सूर्य बघता का?"

"काय वेड लागलंय का बाई?"

"माळीकाकांनी ती बारा झाडं हाताने लावलीत. वर्षभर रोज पाणी घातलंय. डोळे बांधून सोडलं तरी मावशींचं झाड दाखवतील. त्यांना सूर्य कशाला बघावा लागेल? आणि कागद तरी कशाला?"

आखणीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते का आलं हे तिला चांगलंच कळलं. रविवारची दुपार होती. ते काका नव्हते! तो माणूस बागेत पहिल्यांदाच आला होता.

५

बागेचे कागद ती नेहमी दोनच काढायची. एक मालकाला, एक माळ्याला. माळीकाकांचा कागद अवजारांच्या खोलीत होता, पत्र्याच्या डब्यात, लागवडीच्या दिवशी ठेवला तसाच. घडीवर धूळ. हेडबाईंचा त्यांच्या कपाटात. पण या बागेचा तिसराही काढला होता. तो काढताना तिने कुरकुर केली होती म्हणून आता आठवला. उन्हाळ्यात मावशी तिच्याकडे आली होती. "मला एक जादा काढून दे ना गं. कुणाला तरी दाखवायचाय, आमची बाग कशी झाली ते."

कुणाला, हे सांगायला आता ज्योतिषी नको होता.

पण इथे घोडं पेंड खात होतं. मुलाला राग होता तो आईवर. सहा वर्षं धुमसणारा राग. मावशीला तो का मारेल? ती तर त्याचं जगात उरलेलं एकच माणूस. आणि चितेपाशीचं ते रडणं नाटकी नव्हतं, आखणीबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. शिवाय शनिवारी इन्स्पेक्टरने त्याला सहज विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बाग? मला कुठलं ठाऊक? माझ्या वेळी तिथे नुसता कचरा पडलेला असायचा."

संध्याकाळी ती पुन्हा त्या घरी गेली. हेडबाई व्हरांड्यात त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर वर्तुळ. मुलगा आत दाराशी होता, बागेकडे पाठ करून. दोन दिवसांत त्याने काही खाल्लं नसावं. गाल बसले होते.

मग तोच बोलला, सहा वर्षांत आईशी पहिल्यांदा, आणि असा की जणू प्रश्न त्याच्या तोंडून कुणी ओढून काढला.

"आई, मावशीने तुझ्या झाडाचं फूल का तोडलं?"

हेडबाई वळल्या. "माझ्या झाडाचं? तिने तिच्याच झाडाचं तोडलं होतं."

"नाही, ते..." तो एकदम थांबला. त्याने आईकडे पाहिलं, मग आखणीबाईंकडे. "असेल. मला काय ठाऊक," म्हणाला आणि आत निघून गेला.

आखणीबाई पाठमोरी होऊन पायऱ्या उतरली, कारण तिचा चेहरा कुणाला दिसायला नको होता. घरी गेली, मूळ कागद टेबलावर पसरला, आणि हळूच उलटा फिरवला.

६

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याच व्हरांड्यात चौघं होती. हेडबाई, मुलगा, इन्स्पेक्टर आणि आखणीबाई. इन्स्पेक्टरला तिने पहाटेच गाठून सगळं सांगितलं होतं. तो दाराशी उभा राहिला, वाट अडवून, पण सहज उभा असल्यासारखा.

तिने कागद मुलाच्या हातात दिला. कागदावर फक्त वर्तुळ होतं, बारा ठिपके, मधल्या रोपांच्या खुणा. घर नाही, भिंत नाही, दार नाही. उजवीकडच्या ठिपक्यापाशी लिहिलं होतं 'ताई', आणि डावीकडच्या, बरोबर समोरच्या ठिपक्यापाशी 'मावशी'.

"तुम्ही मोजणीदार. सांगा, यात आईचं झाड कुठल्या बाजूला आहे?"

"मला या बागेतलं काही..."

"बागेतलं नाही विचारत. कागदातलं विचारते."

त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. "पूर्वेला," तो म्हणाला. "वरची कड उत्तर, उजवी पूर्व. पोरालाही कळेल."

"तुमच्या खात्यात," आखणीबाई म्हणाली. "जगातले सगळे नकाशे तसेच काढतात, मला ठाऊक आहे. मी नाही काढत. माझ्या गुरूंनी शिकवलं, बाग दिशांसाठी नसते, बघणाऱ्यासाठी असते. आधी मालकाच्या खुर्चीत बसायचं, आणि तिथून जसं दिसतं तसं काढायचं. कागदाची खालची कड म्हणजे मालकाची खुर्ची. माझ्या माळ्यांना हे सांगावंही लागत नाही." तिने हेडबाईंच्या खुर्चीकडे बोट केलं. "तुमच्या आईची खुर्ची ही इथे आहे. घराच्या बाजूला, उत्तरेला. त्यामुळे कागदाची वरची कड दक्षिण होते आणि उजवी बाजू पश्चिम. तुमच्या आईचं झाड पश्चिमेला आहे. पूर्वेला मावशींचं."

त्याने कागद उलटा केला. मग पुन्हा सुलटा. मग मान वर करून पहिल्यांदाच बागेकडे पाहिलं.

"गुरुवारी साडेपाचला मागच्या दाराशी एक माणूस सूर्य डावीकडे धरून कागद जुळवत होता," इन्स्पेक्टर म्हणाला. "मी तो माळी समजलो. चूक माझी. आणि काल तुम्ही आईला जे विचारलंत, ते विषारी झाड आईचं होतं असं मानणाराच विचारेल. तसं मानणारा सगळ्या जगात एकच माणूस होता. बाकी आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून ओळखत होतो ते झाड कुणाचं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याच्या मनात चांदणं नव्हतं, तीन दिवस एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नानेच त्याला पकडून दिलं.

"मी झाड चुकलोय हे मला कळलंच नव्हतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला वाटत होतं, तिनेच त्या दिवशी... मला वाटत होतं तिचंच काहीतरी चुकलं." त्याने खिशातून एक पत्र काढलं, घड्यांवर फाटायला आलेलं. ते कुणाला द्यावं हे त्याला कळेना. "तिने किती आनंदाने लिहिलंय बघा. हे माझं झाड, हे ताईचं. दर गुरुवारी आम्ही वाचनालयात जातो. रोज सकाळी पाच पाकळ्या. मला आठवत राहा, असं लिहिलंय शेवटी."

"आणि तू मला मारायला आलास," हेडबाई म्हणाल्या.

"तू मला सहा वर्षांपूर्वीच मारलंस. एकदा, एकदा तरी मला घरात बोलावून विचारलं असतंस, आई. चार थोबाडीत मारल्या असत्यास. तू सरळ अर्ज लिहिलास. माझ्यावर. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात."

"मी खरं तेच लिहिलं होतं."

"हो," तो म्हणाला. "खरंच लिहिलं होतंस."

इन्स्पेक्टरने पुढे होऊन त्याचा दंड धरला. तो सहज उठला. पायऱ्यांपाशी त्याने मागे वळून विचारलं, "तिला फार त्रास झाला का?" प्रश्न आईला होता.

हेडबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या मुलाकडे बघत राहिल्या. दोन मिनिटं तरी गेली असतील.

"नाही," त्या म्हणाल्या. "लगेच गेली."

त्याला नेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. "पाऊण तास तडफडली," त्या आखणीबाईंना म्हणाल्या. "डॉक्टर येईपर्यंत माझा हात सोडला नाही तिने." आणि मग ती करड्या शिस्तीची बाई तोंडावर पदर धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.

७

माळीकाकांना सोडायला दुपारचे तीन वाजले. कागदपत्रं, सह्या, हा साहेब जेवायला गेलाय, तो यायचाय. आखणीबाई चौकीच्या बाकावर बसून राहिली. तिने रिक्षा थांबवून ठेवली होती, गोळ्या आणल्या होत्या, स्वच्छ सदरा आणला होता. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

काका बाहेर आले. चार दिवसांची दाढी, डोळे आत गेलेले. उन्हाने क्षणभर दिपले.

"काका, कळलं ना सगळं? इन्स्पेक्टरने सांगितलं ना? खरा माणूस सापडला."

"सांगितलं." त्यांनी सदरा घेतला, पण घातला नाही, हातावर टाकला. "बिचाऱ्या मावशी. भांडायच्या, पण जीव लावायच्या झाडांना."

"चला, रिक्षा आहे. घरी सोडते. आधी काहीतरी खाऊन घ्या."

काका हलले नाहीत. "बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"मी नाही केलं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी तर त्याने कबूल..."

"त्याचं नाही विचारत. त्याचं सकाळी कळलं असेल. माझं कधी कळलं?"

आखणीबाईंना वाटलं, म्हणावं, पहिल्यापासून. कितीसं अवघड होतं? पण काका कोठडीत तिने विचारलेला बाटलीचा प्रश्न विसरले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आणि वीस वर्षांत ती या माणसाशी एकदाही खोटं बोलली नव्हती.

"काल," ती म्हणाली. "काल दुपारी."

काकांनी मान डोलावली. त्यांची बोटं सदऱ्याच्या घडीवर फिरत होती.

"म्हणजे शुक्रवारची रात्र आणि शनिवारची रात्र," ते म्हणाले. "दोन रात्री मी तुमच्या लेखी खुनी होतो."

"काका, समोर बाटली होती, ते भांडण होतं, मला काही सुचेना..."

"रागावलो नाही बाई. पोलिसांचं मला काही वाटलं नाही, ते मला ओळखत नाहीत." त्यांनी गोळ्यांची पुडी तिच्या हातातून घेतली, नीट खिशात ठेवली. "पुढच्या सोमवारच्या नवीन बागेला दुसरा माणूस बघा. चांगली पोरं आहेत रोपवाटिकेत. लसूण टोक वर ठेवून लावायचा, तेवढं त्यांना सांगा, उलटा लावतात."

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. काकांनी सदरा काखेत मारला आणि ते चालायला लागले. त्यांचं घर तिथून चार किलोमीटर होतं. आखणीबाईंनी दोन हाका मारल्या, पण ते वळले नाहीत, आणि तिसरी हाक मारायचा तिला धीर झाला नाही.